लोकसंख्येची घनता : सातारा व सांगली

एका चौरस किलोमीटरमध्ये सरासरी किती माणसे राहतात, तो आकडा म्हणजे लोकसंख्येची घनता. २०११ च्या जनगणनेनुसार ती महाराष्ट्रात ३६५, सातारा जिल्ह्यात २८७ आणि सांगली जिल्ह्यात ३२९ आहे. देशाची सरासरी ३८२. बिहार (१,१०६) किंवा पश्चिम बंगाल (१,०२८) यांच्यापुढे महाराष्ट्र विरळच म्हणायचा. तरी दाटीवाटीचे राज्य ही त्याची ख्याती आहे, कारण मुंबई उपनगरात हा आकडा वीस हजारांच्या वर जातो, तर गडचिरोलीत ७४ वर येतो. राज्याची सरासरी म्हणजे या दोघांना एकाच पंगतीला बसवून केलेला हिशेब.

सातारा–सांगलीतही तीच गत. (सांगली जिल्हा १९४९ मध्ये साताऱ्याचे काही तालुके आणि सांगली, मिरज, जत अशी संस्थाने मिळून झाला, तेव्हा त्याचे नाव ‘दक्षिण सातारा’ होते.) वस्ती दाटली ती कृष्णाकाठी : कराड, वाळवा, पलूस, मिरज. काळी जमीन, बारमाही पाणी, ऊस आणि साखर कारखाने यांच्या आधाराने गावे इतकी जवळ आली, की एका गावच्या वेशीवरून दुसऱ्याचे देऊळ दिसते. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत हा पर्जन्यछायेचा, वाड्या-वस्त्यांचा मुलूख. पश्चिमेला पाटण, जावळी, महाबळेश्वर इथे डोंगर, जंगल आणि कोयनेचा जलाशय. जत हा क्षेत्रफळाने सांगलीतला सर्वांत मोठा तालुका, पण माणसे सर्वांत जास्त मिरजेत. पाऊस आणि जमीन यांनी आखलेला हा नकाशा आहे. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांनी तो अलीकडे थोडा हलवला.

दाटीचा फायदा सर्वांत सोपा कळतो तो वडापमध्ये, म्हणजे गावोगावी माणसे वाहणाऱ्या खासगी जीपगाडीत. वडापला वेळापत्रक नसते. गाडी भरली की सुटते. कराड किंवा इस्लामपूरच्या रस्त्यावर ती चटकन भरते. जतच्या पूर्व भागात तोच चालक गिऱ्हाइकाची वाट बघत बिडी संपवतो, आणि शेवटी सीटा रिकाम्या ठेवूनच निघतो किंवा निघतच नाही. दवाखाना, महाविद्यालय, बाजारपेठ यांचेही गणित हेच. मिरजेत १८९४ मध्ये विल्यम वानलेस यांनी मिशन रुग्णालय उभे केले. रेल्वे जंक्शन आणि भोवतालची दाट वस्ती यांमुळे सांगली जिल्ह्याबरोबर उत्तर कर्नाटकातूनही रुग्ण येत राहिले आणि त्या रुग्णालयाभोवती दुसरी रुग्णालये वाढत गेली. विशिष्ट आजाराचा डॉक्टर जिथे रोज पुरेसे रुग्ण मिळतात तिथेच टिकतो. सांगलीची हळदपेठ उभी राहिली त्यामागेही शेतकरी, अडते, हमाल आणि वखारी एका हाकेच्या अंतरावर असणे हे कारण आहे.

विरळ वस्तीची किंमत सरकारी निकषांतही दिसते. सपाटीवर ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी भागात २०,००० मागे. सवलत दिलेली आहे खरी, पण कोयनेच्या जलाशयाकाठच्या बामणोली–तापोळा भागात २०,००० माणसे गोळा करायला किती डोंगर आणि किती पाणी ओलांडावे लागेल, हे निकष सांगत नाही. तिथे जलाशयापलीकडच्या गावांना लाँचचाच आधार. शाळेचा पट घसरला की शाळा राहणार की जाणार ही टांगती तलवार असते. ही चिंता कृष्णाकाठच्या मोठ्या गावाला सहसा करावी लागत नाही.

आता तोटे. दाटी आधी जमिनीच्या भावात उतरते आणि मग जमिनीच्या तुकड्यांत. एकर घेणे आवाक्याबाहेर गेले, की माणूस गुंठा घेतो : एकराचा चाळिसावा हिस्सा, १,०८९ चौरस फूट. शहरालगतची शेते अशी विकली गेली आणि ना रीतसर आराखडा, ना पुरेसे रस्ते, ना गटारे अशा वसाहती उभ्या राहिल्या. याला गुंठेवारी म्हणतात. ती नियमित करण्यासाठी राज्याने २००१ मध्ये कायदा केला. सांगलीला हा शब्द शिकवावा लागत नाही; शामरावनगरसारख्या सखल भागात पावसाचे पाणी दिवसेंदिवस तुंबून राहते. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली. सुमारे ११८ चौ. किमी क्षेत्रात २०११ मध्ये ५,०२,७९३ लोक होते, म्हणजे चौरस किलोमीटरला सव्वाचार हजारांच्या आसपास. मुंबईकराला हे मोकळे वाटेल. पण मुंबईकराच्या दारात कृष्णा येत नाही.

ती येते तेव्हा दाटीचा खरा हिशेब होतो. सांगलीत पाणी मोजतात ते १९२९ च्या आयर्विन पुलापाशी : ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले. २००५ आणि २०२१ लाही शहर बुडाले होते. पूररेषा निळ्या आणि लाल रंगात आखलेल्या आहेत. त्या रेषांच्या आत घरे वाढतात आणि ओढे-नाले अरुंद होतात, तसे तेवढेच पाणी जास्त संसार बुडवते. एकवटण्याचा धोका साठवलेल्या मालालाही चुकत नाही : हरिपूरची हळदीची पेवे, जमिनीखालची ती कोठारे, २००५ च्या पुरात निकामी झाली.

म्हणून विरळ भाग सुरक्षित, असेही नाही. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. रस्ते वाहून गेल्याने मदत पोचायला वेळ लागला. पुरात अडकलेल्यांची संख्या मोठी असते, पण निदान त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या वाटा अनेक असतात.

शेतीतली दाटी कमी बोलली जाते. सातबाऱ्यावर नावे वाढत जातात, बांध जितका अरुंद तितके भांडण रुंद. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने तुकडे पाडायला मर्यादा घातली. वाटण्या तोंडी होतच राहिल्या.

या दोन जिल्ह्यांचा घनतेशी सर्वांत जुना संबंध मात्र गाव सोडण्याचा आहे. पाटण, जावळी, माणमधील माणसे गिरणीत आणि गोदीत कामाला मुंबईला गेली. एका गावाची मिळून एक खोली, त्यात पाळीपाळीने झोपणारे गडी आणि खानावळीचा डबा, असा राज्यातल्या सर्वांत दाट वस्तीचा अनुभव त्यांनी घेतला. १९६९ चा माथाडी कायदा ज्या चळवळीतून आला तिचे नेते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. खानापूर–आटपाडीकडचे लोक गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात देशभर पसरले. परिणाम आकड्यांत आहे : २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली, साताऱ्याची ७ टक्क्यांनीही नाही. साताऱ्यात हजार पुरुषांमागे ९८८ स्त्रिया, राज्यात ९२९. यात गावाबाहेर कमावत्या पुरुषांचा वाटा मोठा आहे.

घनतेचा आकडा वाचताना मोजणीचा महिनाही बघावा. २०११ ची शिरगणती फेब्रुवारीत झाली. तेव्हा उसाचा गळीत हंगाम चालू असतो, जतकडची ऊसतोडीला गेलेली कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात कोप्या (झोपड्या) घालून राहत असतात, आणि मुंबईची मंडळी मुंबईतच असतात. ती गावी येतात यात्रेला, चैत्र-वैशाखात. तेव्हा एरवी कुलूप असलेल्या घरांत झोपायला जागा पुरत नाही, आणि पाटण खोऱ्यात वडापही भरून सुटते.