मालवाहतुकीचे वायुप्रदूषण व त्याचे नियंत्रण (भारत)

मालमोटारी आणि मालगाड्या यांच्यामुळे हवेत मिसळणारा धूर, वायू व धूळ कमी करण्यासाठी भारतात योजलेले तांत्रिक, कायदेशीर आणि वाहतूकविषयक उपाय. देशातील जड मालाची रस्त्यावरील वाहतूक जवळजवळ सर्वस्वी डिझेलवर होते. दुचाकी आणि मोटारींच्या मानाने ट्रक संख्येने अगदी थोडे. पण त्यांची रोजची धाव, ओढलेले वजन आणि रस्त्यावर काढलेली वर्षे पाहता वाहनांच्या एकूण धुरात त्यांचा वाटा संख्येच्या कितीतरी पट भरतो. नियंत्रणाचा बहुतेक इतिहास नव्या वाहनांना कडक निकष लावण्याचा आहे. जुन्या ट्रकांचे काय करायचे, हा प्रश्न दर वेळी मागे पडत आला.

धुराचे स्वरूप

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधन फवारले की ते पेटते. फवाऱ्याच्या ज्या भागाला हवा कमी पडते तिथे काजळी धरते, आणि जिथे ज्वाला फार तापते तिथे हवेतल्याच नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात. एक कमी करायला जावे तर बहुधा दुसरे वाढते. त्यामुळे इंजिनाची जुळणी सुधारून सगळे साधत नाही. धूर बाहेर पडण्याआधी त्यावर प्रक्रिया करावी लागते. काजळीचे कण इतके बारीक असतात की ते थेट फुप्फुसात खोलवर उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला निश्चित कर्ककारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. नायट्रोजनची ऑक्साइडे डोळ्यांना दिसत नाहीत, पण उन्हात त्यांच्यापासून ओझोन तयार होतो आणि अमोनियाशी संयोग होऊन नवे बारीक कणही बनतात. मागे काळा धूर नाही म्हणजे ट्रक स्वच्छ, हा समज त्यामुळे फसवा आहे.

गंधक आणि भारत स्टेज निकष

नियंत्रणात इंजिनाइतकेच इंधनालाही महत्त्व आहे. डिझेलमधील गंधक धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकांना निकामी करते; ते काढल्याशिवाय पुढची यंत्रे बसवण्यात अर्थ नसतो. नव्वदीच्या दशकाच्या मध्यापर्यंत डिझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत १०,००० भाग गंधक चालत असे. भारत स्टेज (बीएस) या टप्प्याटप्प्याने कडक होत गेलेल्या निकषांपैकी बीएस-३ मध्ये ही मर्यादा ३५० भागांवर आली, बीएस-४ मध्ये ५० वर आणि बीएस-६ मध्ये १० वर.

२०१० मध्ये दिल्ली परिसर आणि निवडक शहरांना बीएस-४, उर्वरित देशाला बीएस-३ अशी विभागणी झाली. मोटारींना ती कशीबशी मानवली. लांब पल्ल्याच्या ट्रकच्या बाबतीत ती अर्थहीन होती. नॅशनल परमिटचा ट्रक मिळेल त्या पंपावर टाकी भरतो आणि सोयीच्या जिल्ह्यात पासिंग करून घेतो. परिणामी बीएस-४ शहरांतून बीएस-३ चे नवेकोरे ट्रक सात वर्षे बिनदिक्कत धावत राहिले. १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ देशभर लागू झाले. त्याच्या तीनच दिवस आधी, २९ मार्चला, सर्वोच्च न्यायालयाने साठ्यात उरलेली बीएस-३ वाहने त्या तारखेनंतर विकण्यास मनाई केली. कंपन्यांनी अखेरच्या दोन-तीन दिवसांत भरघोस सवलती देऊन माल खपवला; त्यांतील अनेक ट्रक आजही रस्त्यावर आहेत.

बीएस-५ वगळून १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६ आणण्याचा निर्णय हा या सगळ्या प्रवासातला सर्वांत धाडसी टप्पा म्हणावा लागेल. जड डिझेल इंजिनांसाठी स्थिर चाचणीतील नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा दर किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅमवरून ०.४ ग्रॅमवर आली, कणांची ०.०२ वरून ०.०१ ग्रॅमवर. शिवाय कणांच्या वजनाबरोबर त्यांच्या संख्येवरही मर्यादा आली, म्हणून काजळी अडवणारी जाळी अपरिहार्य ठरली.

या जाळीत साठलेली काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते. महामार्गावर भरधाव जाणाऱ्या ट्रकच्या सायलेन्सरमध्ये पुरेशी उष्णता असते, त्यामुळे ते काम आपोआप होते. शहरात रखडत छोट्या खेपा मारणाऱ्या गाडीत मात्र जाळी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि चालकाला गाडी बाजूला घेऊन इंजिन रेस करत उभे राहावे लागते. नायट्रोजन ऑक्साइडे निकामी करण्यासाठी ट्रकला वेगळी टाकी असते. तिच्यात ३२.५ टक्के युरियाचे शुद्ध द्रावण भरतात. कागदोपत्री त्याचे नाव डीईएफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड). ढाब्यावर आणि पंपावर सगळे त्याला ‘युरिया’च म्हणतात. ते संपले की संगणक इंजिनाची ताकद कमी करतो. डिझेलवर हा वरखर्च, म्हणून पळवाटाही निघाल्या. कुणी शेतीचा युरिया पाण्यात कालवून टाकतात, तर कुणी संगणकाला ‘सर्व ठीक’ असा खोटा संकेत देणारी डबी बसवून घेतात. शेतीचा युरिया २०१५ पासून नीमलेपित असतो आणि त्यात इतर अशुद्धीही असतात. उत्प्रेरकाचा त्याने बोऱ्या वाजतो. या लबाडीने वाचणारा पैसा उत्प्रेरक बदलण्याच्या खर्चापुढे किरकोळ असतो, पण गाडी तोवर दुसऱ्याच्या नावावर गेलेली असते.

जुने ट्रक

ट्रकला दोन आयुष्ये असतात. नॅशनल परमिट साध्या ट्रकला १२ वर्षांपर्यंत आणि बहुअक्षीय (दोनहून अधिक आसांच्या) ट्रकला १५ वर्षांपर्यंतच मिळते. त्यानंतर तो भंगारात जात नाही. लहान मालकाकडे जातो आणि वाळू, विटा, खडी, राडारोडा वाहू लागतो. म्हणजे सर्वांत जुने इंजिन वस्तीच्या सर्वांत जवळ येते. हवेच्या दृष्टीने याहून वाईट वाटणी शोधून सापडणार नाही.

या गाड्यांवर लक्ष ठेवण्याचे रोजचे साधन म्हणजे पीयूसी, म्हणजेच प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्रासाठीची तपासणी. डिझेल वाहनाच्या चाचणीत गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबतात आणि सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर किती अपारदर्शक आहे ते मोजतात. इंजिनावर भार नसतो, नायट्रोजन ऑक्साइडे मोजली जातच नाहीत. घाटात दुप्पट मालासह काळे लोट सोडणारा ट्रक रिकामा उभा असताना उत्तीर्ण होऊ शकतो, आणि युरियाची यंत्रणा बंद पाडलेल्या बीएस-६ ट्रकला ही चाचणी पकडूच शकत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणाने स्वयंचलित तपासणी केंद्रांची वाट धरली, ती याच उणिवेमुळे.

थांबलेल्या ट्रकचा धूर

मालवाहतुकीचा बराच धूर ट्रक चालताना नव्हे, रखडताना निघतो. मुंबईत जकात होती तोवर दहिसर, मुलुंड, ऐरोली आणि वाशीच्या बाजूने शहरात शिरणारे ट्रक कागद तपासून पैसे भरण्यासाठी रांगा लावत. रांग पावलापावलाने सरकते, म्हणून इंजिन बंद करून चालत नाही. भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये पुन्हापुन्हा हलवणे हे धुराच्या दृष्टीने सर्वांत महागडे काम. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली आणि राज्यांच्या सीमांवरचे विक्रीकर नाकेही उठले. फेब्रुवारी २०२१ पासून पथकर नाक्यांवर फास्टॅग बंधनकारक झाला. यांपैकी कोणताही निर्णय पर्यावरणासाठी घेतलेला नव्हता, तरी नाक्यांच्या आसपास राहणाऱ्यांच्या हवेला त्यांचा उपयोग झालाच.

दिल्लीत उलट घडले. तिथे कर हवेसाठीच लावला गेला. वळसा टाळण्यासाठी परराज्यांतले ट्रक रात्री शहरातून पार होत. ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावर पर्यावरण भरपाई शुल्क बसवले : हलकी मालवाहने व दोन आसांच्या ट्रकना ७०० रुपये, तीन वा अधिक आसांच्या ट्रकना १,३०० रुपये. डिसेंबरमध्ये ते दुप्पट झाले. शहराला वळसा घालणारे पूर्व आणि पश्चिम परिघीय द्रुतगती मार्ग मात्र २०१८ मध्ये पूर्ण झाले.

रेल्वे

तेवढाच माल तेवढ्याच अंतरावर नेण्यासाठी रेल्वेला ट्रकच्या मानाने फार कमी ऊर्जा लागते, कारण पोलादी रुळावर पोलादी चाकाला घर्षण नाममात्र असते. तरीही डिझेल इंजिने स्वच्छ नव्हती. अल्को या अमेरिकन कंपनीच्या बनावटीची जुनी इंजिने गाडी उचलताना धुराचा काळा खांब उभा करत. टर्बोचार्जर वेग घेईपर्यंत इंधन पुढे आणि हवा मागे, असे व्हायचे. दुसरा दोष थांबण्याचा. मालगाडीला प्रवासी गाडीपुढे नेहमी लूप लाइनवर बाजूला काढतात. ब्रेकची हवा आणि बॅटरी टिकवण्यासाठी इंजिन तिथेही तासन्‌तास चालूच ठेवत. नंतरच्या डिझेल इंजिनांवर रेल्वेने छोटे सहायक इंजिन बसवले; उभे असताना मुख्य इंजिन तासाला सुमारे २५ लिटर डिझेल खाते, तिथे हे सुमारे ३ लिटरमध्ये भागवते.

मोठा बदल विद्युतीकरणाने झाला. भारतातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत, आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत धावली. पुढची नव्वद वर्षे काम संथ चालले आणि शेवटच्या दशकात झपाट्याने उरकले. २०२५ च्या अखेरीस ब्रॉडगेजचे ९९ टक्क्यांहून अधिक जाळे तारेखाली आले होते. रुळालगतच्या वस्तीला याचा फायदा निर्विवाद आहे. देशाच्या हवेचा हिशेब मात्र वीज कुठून येते यावर ठरतो. औष्णिक वीजकेंद्रांसाठी डिसेंबर २०१५ मध्ये गंधक डायऑक्साइडचे निकष ठरले, मुदती पुन्हापुन्हा वाढल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना धूर धुणाऱ्या यंत्रणेतून सूटच मिळाली. त्यातही रेल्वेच्या मालात जवळपास निम्मा वाटा कोळशाचा. विजेवरची मालगाडी बऱ्याचदा वीजकेंद्राकडेच निघालेली असते.

ट्रक रेल्वेवर : रो-रो सेवा

१९५० च्या सुमारास देशातील मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा ८५ टक्क्यांच्या पुढे होता. तो घसरत तिशीच्याही खाली आला. २०३० पर्यंत ४५ टक्क्यांवर नेण्याचे राष्ट्रीय रेल्वे योजनेचे उद्दिष्ट आहे. माल रेल्वेपासून तुटण्याचे कारण भाड्यापेक्षा हाताळणीत अधिक आहे : गोदामातून ट्रक, ट्रकमधून मालधक्का, तिथून वाघीण आणि पुन्हा तेच उलट.

कोकण रेल्वेने यावर काढलेला तोडगा म्हणजे ट्रकच गाडीवर चढवणे. २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाड ते गोव्यातील वेर्णे अशी ही रो-रो (रोल-ऑन रोल-ऑफ, म्हणजे गाडी चढवा-उतरवा) सेवा सुरू झाली. पुढे ती मंगळूरजवळच्या सुरतकलपर्यंत गेली. कोलाडला ट्रकचे वजन आणि उंची तपासतात. मग उतरंडीवरून तो सपाट वाघिणींच्या रांगेवर चढतो आणि एकामागून एक वाघिणी ओलांडत आपल्या जागेवर जाऊन थांबतो. चाकांना पाचर लावतात, साखळ्या आवळतात, इंजिन बंद. चालक आणि क्लीनर आपल्याच केबिनमध्ये बसून प्रवास करतात. मुंबई-गोवा महामार्गावरचे कशेडी, भोस्ते आणि परशुराम हे घाट, जिथे भरलेला ट्रक सर्वाधिक डिझेल जाळतो, टळतात. २०२२ मध्ये कोकण रेल्वेचे विद्युतीकरण पूर्ण झाले. २०२५ च्या गणेशोत्सवात खासगी मोटारींसाठीही अशी सेवा ठेवून पाहिली गेली. प्रतिसाद बेताचाच मिळाला. या पद्धतीत मालाबरोबर ट्रकचे स्वतःचे वजनही ओढावे लागते, त्यामुळे ती खडतर रस्त्याच्या लांब टप्प्यावरच परवडते.

कंटेनरला ही अडचण नसते. न्हावा-शेवा ते दिल्लीजवळचे दादरी हा १,५०६ किमीचा, फक्त मालगाड्यांसाठीचा पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग मुख्यतः त्यासाठीच बांधलेला आहे. तार सुमारे साडेसात मीटर उंच असल्याने विजेच्या इंजिनामागे दुमजली कंटेनर धावतात. याच मार्गावर न्यू रेवाडी आणि न्यू पालनपूर यांच्या दरम्यान दुधाचे टँकर गाडीवर चढवून नेतात. सर्वांत जास्त रखडला तो महाराष्ट्रातला वैतरणा ते न्हावा-शेवा हा टप्पा, म्हणजे नेमके बंदराकडचे टोक. तोवर बंदराच्या कंटेनरगाड्यांना मुंबई परिसरातल्या प्रवासी गाड्यांतून वाट काढावी लागत राहिली.

मालाची धूळ

धूर थांबला तरी माल उडतोच. गोव्याला याचा दोन्ही बाजूंनी अनुभव आहे. खाणी जोरात असताना साखळी, उसगाव, सावर्डे या पट्ट्यात उघड्या ट्रकांतून सांडलेल्या खनिजाने झाडे-घरे तांबडी होत. ताडपत्रीची सक्ती होती, ती पाळली जाईच असे नाही. पुढे मुरगाव बंदरातला कोळसा हा वादाचा विषय झाला. तो कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे रेल्वेने जातो, आणि वास्कोतल्या रहिवाशांची तक्रार घरात बसणाऱ्या काळ्या धुळीची आहे. याच वाटेवरील तिनईघाट–कॅसलरॉक–कुळे लोहमार्गाच्या दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची परवानगी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. रेल्वे म्हणजे स्वच्छ वाहतूक, हे गृहीत धरण्याआधी वाघिणीत काय भरले आहे ते पाहावे लागते.

विद्युत ट्रक

बॅटरीचे वजन ट्रकच्या भारक्षमतेतून वजा होते, त्यामुळे विद्युत ट्रक आधी ठरावीक, छोट्या फेऱ्यांत शिरले : बंदर ते कंटेनर यार्ड, कारखाना ते मालधक्का. न्हावा-शेवा बंदरात २०२५ मध्ये बॅटरी बदलता येणारे जड ट्रक आले. रिकामी बॅटरी काढून भरलेली बसवायची, म्हणजे चार्जिंगसाठी ट्रक अडकून पडत नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्राने पीएम ई-ड्राइव्ह योजनेत विद्युत ट्रकांना प्रत्येकी कमाल ९ लाख ६० हजार रुपयांपर्यंत प्रोत्साहन जाहीर केले. ते मिळवण्यासाठी जुना प्रदूषक ट्रक मोडीत काढणे सक्तीचे आहे. एवढ्या एका अटीमुळे ही योजना आधीच्या निकषांहून वेगळी ठरते. अर्थात तिचा आवाका काही हजार ट्रकांपुरताच आहे.