मुरूम टाकण्याआधी फोन करा
(बगीचा, शेत आणि फार्महाऊसच्या कच्च्या रस्त्यांसाठी ट्रॅक्टर-ब्लेडचं काम: ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पोळा झाला की आमचा फोन वाजायला लागतो. काटोल, कळमेश्वर, हिंगणा, उमरेड, गाव कुठलंही असो, बोलणं एकच: "भाऊ, मुरूम टाकून ठेवला आहे, तुम्ही फक्त ब्लेड मारून द्या." हे पत्रक त्या 'टाकून ठेवला'साठी आहे.

काळी माती पाणी पिऊन कशी फुगते हे तुम्हाला सांगायला नको. पावसाळाभर तुमच्या रस्त्यावर तिचाच चिखल चढलेला असतो. त्यावर नवा मुरूम पडला की दोन दिवस रस्ता झकास दिसतो. मग संत्र्याची गाडी येते. चाकाखाली मुरूम दबतो आणि फटींतून चिखल वर येतो. आठ-दहा फेऱ्यांत रस्ता पुन्हा काळा. मागच्या वर्षी काटोलकडच्या एका बगीच्यात अकरा ट्रॉल्या मुरूम असाच गेला. मालक म्हणाले, चोरीला गेला असेल. आम्ही सब्बल मारली, तर वीतभर खाली सगळा जागेवरच होता.

असा रस्ता आला की आमचं तीन तासांचं काम दिवसभराचं होतं, कारण चिखल आणि मुरूम दोन्ही खरडून काढावे लागतात. काळी माती मिसळलेला मुरूम पुन्हा वरच्या थराला चालत नाही, धुऱ्यावर टाकावा लागतो. पैसे तुमचे दोनदा जातात, एकदा मुरमाचे आणि एकदा आमचे.

म्हणून आधी चिखल, मग मुरूम. तोही वाफसा आल्यावरच, म्हणजे माती ओलसर असली तरी चिकटत नाही तेव्हा. रस्त्यावरची मूठभर माती घ्या, लाडू वळा, कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. फुटला तर आम्हाला बोलवा, चपटा होऊन बसला तर अजून थांबा. ओल्यात ट्रॅक्टर घातला तर आमच्याच चाकांच्या चाकोऱ्या पडतात आणि त्या बुजवायचे तास तुमच्या बिलात येतात. "उद्याच या" म्हणणाऱ्यांना आम्ही कधीकधी नाही म्हणतो ते यामुळे. राग मानू नका.

आता त्या व्हिडिओबद्दल. कॅनडातला कोणी शेतकरी ट्रॅक्टरने घरापर्यंतचा लांब रस्ता बर्फातून मोकळा करतो, तो व्हिडिओ आम्हाला आतापर्यंत पाच जणांनी पाठवला. सोबत प्रश्न: "यायचं पंधरा मिन्टात होते, तुम्हाले तीन तास काऊन लागते?" अहो, ताजा बर्फ भुसभुशीत, आणि खालची जमीन थंडीने दगडासारखी गोठलेली. शिवाय कडेला ढकललेला बर्फ उन्हाळा आला की आपोआप वितळून जातो. आपला चिखल कुठे जाणार? तो ब्लेडलाच चिकटतो, ड्रायव्हरला उतरून फावड्याने काढावा लागतो. कडेला ढकलून सोडला तर वाळून त्याचा बांध होतो आणि पुढच्या पावसाचं पाणी रस्त्यातच अडतं. म्हणून आम्ही ब्लेड तिरपं करून दुसरी फेरी मारतो आणि चिखल नालीच्या पलीकडे टाकतो. काही ग्राहकांना ही फेरी फुकट वेळ काढल्यासारखी वाटते. तीच सगळ्यात कामाची आहे.

एक गोष्ट मात्र आम्ही त्या बर्फवाल्यांकडूनच उचलली. गिट्टी-मुरमाच्या रस्त्यावर ते ब्लेडखाली लोखंडी बूट लावतात, म्हणजे पातं जमिनीपासून इंचभर वर राहतं आणि खालचा चांगला थर खरडला जात नाही. आम्ही तसे बूट वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतले. त्याआधी, पहिल्या वर्षी, एका बगीच्यात आम्हीच जुना मुरूम साफ खरवडून झाडांच्या आळ्यात लोटला होता. दोन दिवस आमचीच माणसं टोपल्यांनी तो वेचत होती. त्यामुळे काम झाल्यावर इंचभर माती उरलेली दिसली तर "नीट काढलं नाही" म्हणू नका, ती मुद्दाम ठेवलेली असते.

मुरूम किती लागेल? शंभर फूट लांब, दहा फूट रुंद, सहा इंच सैल थर म्हणजे पाच ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). पाणी मारून रोलर फिरला की तो थर चारेक इंचांवर बसतो. दहा फुटी रस्ता मधे कडेपेक्षा अडीच इंच उंच हवा, नाहीतर पाणी उतरत नाही. मुरूम आम्ही विकत नाही, त्यामुळे जास्त आकडा सांगून आमचा काही फायदा नाही. रस्ता पाहायला आलो की दोरी लावून मोजून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

रस्त्याखालून ठिबकची पाइपलाइन किंवा बोअरची केबल गेली असेल तर दोन्ही कडांना चुन्याची खूण करा. खूण नसलेली पाइप फुटली तर ती आमच्याकडे लागत नाही, हे आधीच सांगतो.

भाडं तासावर आहे. काम सुरू करताना आणि संपवताना ट्रॅक्टरचं अवर मीटर तुम्ही स्वतः पाहा, आकडा लिहून घ्या. ड्रायव्हर चहा प्यायला थांबला तर इंजिन बंद करतो, नाही केलं तर त्याला सांगा.

संत्र्याच्या आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या) तोडणी असेल तर व्यापाऱ्याची गाडी यायच्या किमान दहा दिवस आधी कळवा, कारण तेव्हा सगळ्यांना एकाच आठवड्यात रस्ता हवा असतो. फोटो पाठवाल तेव्हा गेटचा नको, सगळ्यात खोल चाकोरीचा पाठवा, आणि शेजारी आपली चप्पल ठेवा, म्हणजे खोली कळते.