ग्रामसभा (महाराष्ट्र)

गावाच्या मतदार यादीत नाव असलेल्या सगळ्यांची सभा. पंचायतीवर निवडून जावे लागते, ग्रामसभेत मात्र अठरा वर्षांचा मतदार आपोआप सभासद असतो. १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमात तिची तरतूद होतीच. २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने तिला राज्यघटनेत जागा मिळाली.

वर्षाला किमान चार सभा घ्याव्या लागतात. गणसंख्या, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी कमी असेल ती. तेवढी माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट नाही. खरी पळवाट ही. घरकुलाच्या यादीसारखा वादाचा विषय अशा विरळ सभेत सहज उरकता येतो.

ग्रामसभेचे खरे बळ इतिवृत्तात असते. गावात त्याला 'प्रोसिडिंग' म्हणतात. सूचक, अनुमोदक, ठराव, खाली सह्या. सह्या आधी आणि ठराव मागाहून, अशी कोरी सोडलेली पाने ही गावोगावची जुनी तक्रार. म्हणून जाणता गावकरी भाषण ठोकत बसत नाही. 'माझा प्रश्न प्रोसिडिंगला घ्या' एवढेच म्हणतो आणि तो लिहून होईपर्यंत वहीजवळून हलत नाही.

कोण कुठे बसते यावरूनही बरेच कळते. २०११पासून पंचायतीत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, तरी सरपंचबाईंच्या शेजारच्या खुर्चीवरून उत्तरे देणारे 'सरपंचपती' संपलेले नाहीत. नेहमीच्या सभेआधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची तरतूद आहे. चारचौघांत पदर सावरत गप्प राहणाऱ्या बायका तिथे पाण्याच्या टाकीचा हिशेब विचारतात, निदान सभा कागदावरच झालेली नसेल तर.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाने ग्रामसभेचा अर्थ पार ताणून पाहिला. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही तिथली घोषणा. निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असला की विषय पुढच्या बैठकीला. २००९मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, म्हणजे ते जंगल राखण्याचा आणि त्यातला बांबूसारखा माल घेण्याचा साऱ्या गावाचा हक्क. पण तोडलेला बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो, आणि तो वनखाते देईना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिले.