कोसंबींना मध्ये आणू नका

नामवंत हृदयरोगतज्ज्ञ वेदकाळावर निकाल देतात, इंजिनिअर मधुमेहावर. कुणी हटकलं की उत्तर ठरलेलं: "कोसंबी तरी कुठे इतिहासाचे एमए होते?" नव्हतेच. पण अशा मंडळींचे पूर्वज कोसंबी नव्हेत, लायनस पॉलिंग.

दामोदर धर्मानंद कोसंबी आपल्याला ठाऊक आहेत: गोव्यात जन्म, फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक, पुढे प्राचीन भारताचा इतिहास. पॉलिंग अमेरिकन. १९५४चं रसायनशास्त्राचं नोबेल, १९६२चं शांततेचं. १९७०मध्ये त्यांनी पुस्तक काढलं: 'क' जीवनसत्त्व भरपूर घ्या, सर्दी पळेल. पुढे तेच कॅन्सरवरही.

फरक पदवीचा नाही. कोण बरोबर ठरलं याचाही नाही. कोसंबींची कित्येक मतं इतिहासकार खोडून काढतात, खुशाल काढोत. खरी मेख आहे ती आपल्या विषयापलीकडे गेल्यावर तिथली कसोटी मानली का, यात.

कोसंबींनी जुनी आहत (ठसे मारलेली) नाणी घेतली. नाणं हातोहाती फिरलं की झिजतं. म्हणजे जास्त फिरलेल्या नाण्यांचं सरासरी वजन कमी आणि आपसातली तफावत जास्त हवी. हे आधी त्यांनी आपल्या काळातल्या चालू नाण्यांवर तपासलं, मग तक्षशिलेच्या नाण्यांना लावलं. ज्याच्याकडे तराजू आहे त्याने ते खोटं पाडावं! भर्तृहरीची चिकित्सक आवृत्तीही हस्तलिखितं ताडून केली, नुसती मतं ठोकून नाही.

पॉलिंग आणि डॉ. कॅमेरॉन यांनी १९७६मध्ये 'क' जीवनसत्त्व दिलेले कॅन्सरचे १०० रुग्ण घेतले आणि तुलनेला जुन्या नोंदींतले १०००. कुठला रुग्ण कुठल्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलंच नव्हतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाने तशी चाचणी केली; १९७९मध्ये फायदा दिसला नाही. बऱ्याच रुग्णांना आधी केमोथेरपी झाली होती, हा पॉलिंगचा आक्षेप रास्तच. म्हणून केमो न झालेले रुग्ण घेऊन पुन्हा चाचणी झाली. १९८५मध्ये निकाल तोच. तेव्हा पॉलिंग म्हणे, औषध फार लवकर थांबवलं! मत तसूभर हललं नाही.

आणि कोसंबींची पूजा नको. १९५९मध्ये त्यांनी रीमान गृहीतकाची (मूळ संख्यांविषयीचं, अंकसिद्धान्तातलं न सुटलेलं कोडं) सिद्धता म्हणून जे मांडलं, ते छापलं कृषी सांख्यिकीच्या नियतकालिकात. संख्याशास्त्री कशाला ते तपासायला बसतोय? अंकसिद्धान्तवाल्यांची नजर तिथे जाणार नव्हती. सिद्धता टिकली नाही. ती तर त्यांच्या स्वतःच्या गणितातली होती.