मराठी अर्जातली कोरी जागा

नागपुरात अर्ज टाइप करून देणाऱ्या कुठल्याही दुकानात संगणकावरचा नमुना उघडा. 'अर्जदाराचे नाव' यापुढे बहुतेकदा ठिपक्यांची लांब रांगच असते. ही रांग छापखान्यातून आलेली. जागा पेनाने भरायची होती तोवर ती योग्यच होती. टाइपरायटरवरही रूळ फिरवून ओळ जुळवली की अक्षरं ठिपक्यांवर नीट बसत. वर्डमध्ये मात्र ठिपका हेही एक अक्षरच. मधे नाव लिहिलं की उरलेले ठिपके पुढे सरकतात आणि 'वय', 'राहणार' खालच्या ओळीत उतरतात.

यावर वर्डमध्ये नव्वदच्या दशकातच उपाय आला होता, फॉर्म फील्डचा. मजकुराची जागा, खुणेचा चौकोन, निवडीची यादी. पण अख्ख्या फाइलला कुलूप लावल्याशिवाय, म्हणजे बाकीचा मजकूर बदलता येणार नाही असं केल्याशिवाय, ही फील्डं भरता येत नसत आणि यादीत 25 च नोंदी मावत. 1960 साली महाराष्ट्र झाला तेव्हाच जिल्हे 26 होते. आज 36 आहेत. साधी जिल्ह्यांची यादी त्यात बसत नव्हती.

तरी मराठीचं खरं दुखणं वेगळंच होतं, आणि माझ्या मते ठिपके टिकले ते त्यामुळेच. नागपूर ही जुन्या मध्य प्रांताची राजधानी. हिंदी आणि मराठी दोन्हींचं टंकलेखन इथे शेजारी शेजारी चाललं. त्या सवयीच्या हातांना कृतिदेव हा देवनागरी फॉन्ट सोयीचा, कारण त्याची कळरचना टाइपरायटरची. पण कृतिदेवमध्ये डीची कळ दाबली की पडद्यावर 'क' दिसतो, फाइलमध्ये मात्र इंग्रजी डीच साठतो. यादीत 'भंडारा', 'वर्धा' भरायला गेलं की यादी भरायच्या खिडकीत निरर्थक रोमन अक्षरं दिसत. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तर अख्खा अर्जच वाचता येत नसे. अशा नमुन्यात चौकट कशी आखणार?

यावर उत्तर होतं युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा संकेत देणारी पद्धत. तिची पहिली आवृत्ती 1991 ची, त्यात देवनागरी होतीच. विंडोज 2000 सोबत मंगल हा युनिकोडचा देवनागरी फॉन्ट आला. त्यानंतर 2007 च्या वर्डने कंटेंट कंट्रोल दिले: प्रत्येक जागा स्वतंत्र चौकट, तारीख कॅलेंडरमधून निवडायची, चौकट चुकून खोडली जाऊ नये म्हणून तिच्यापुरतं कुलूप. खुणेचा चौकोन 2010 मध्ये आला. 2013 मध्ये आलेली पुन्हा पुन्हा वाढणारी ओळ मला सगळ्यांत मोलाची वाटते. वारसांच्या तक्त्यात तीन नावं असोत की अकरा, तक्ता मोडत नाही. वर्डसारखंच काम करणाऱ्या मोफत लिब्रेऑफिसमध्ये अशा चौकटी 2022 मध्ये आल्या.

आता अडतं ते एका बारीक गोष्टीवर. वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' मानतो आणि तिचा फॉन्ट व आकार इंग्रजीहून वेगळा धरतो. चौकटीच्या स्टाइलमध्ये तो वेगळा नेमला नाही, तर 14 च्या अर्जात अर्जदाराचं नाव 11 मध्ये उमटतं.