मोत्याच्या पोटातली मिसिसिपी

स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, हे अजून कित्येकांना खरं वाटतं. जपानी संवर्धित मोत्याच्या पोटात मात्र असतो एक गोल मणी. तो दशकानुदशकं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातल्या गोड्या पाण्याच्या शिंपल्यांची कवचं कापून, घासून केला जायचा.

इलिनॉयमधल्या ईस्ट मोलिनचा चॅड प्रेग्रॅकी शाळकरी वयात भावाबरोबर हेच शिंपले काढायला बुड्या मारायचा. तळाशी मिट्ट काळोख, सगळं हातानं चाचपून. काठावर टायर नि पिंपांचा खच. सरकारी कचेऱ्यांना फोन करून काही हलेना, तेव्हा 1997 मध्ये तो एकटाच होडी घेऊन कचरा उचलू लागला. 1998 मध्ये त्यानं ‘लिव्हिंग लँड्स अँड वॉटर्स’ ही संस्था काढली. बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मोठ्या मालवाहू नावेवर राहायचं, गावोगावी थांबायचं आणि तिथल्याच लोकांना सोबत घेऊन काठ साफ करायचा. आजवर एक लाखाहून जास्त स्वयंसेवक आले आणि एक कोटी पौंडांहून जास्त कचरा निघाला. या चिकाटीला माझा मनापासून सलाम.

पण वाहतं पाणी नुसत्या वाहण्यानं पूर्ण शुद्ध होतं, हा समज चुकीचा आहे. ते गाळण्यात शिंपल्यांचा वाटा मोठा; एक मोठा शिंपला दिवसाला 40 लिटरच्या आसपास पाणी गाळू शकतो. आणि त्याची वंशवाढ तर थक्क करणारी! पॉकेटबुक जातीची मादी आपल्या मांसल पडद्याची कड पाण्यात हलवते. ती हुबेहूब छोट्या माशासारखी दिसते, अगदी डोळ्याच्या ठिपक्यासकट. बास मासा झडप घालतो आणि त्याच्या तोंडात सूक्ष्म अळ्यांचा फवारा उडतो. या अळ्यांना ‘ग्लोकिडिया’ म्हणतात. चिमट्यासारखी दोन झाकणं मिटून त्या कल्ल्यांना पकडतात. माशाची त्वचा त्यांच्यावर वाढते आणि आत अळीचा इवलासा शिंपला होतो. काही आठवड्यांनी तो गळून तळाशी पडतो, कधी आईपासून कित्येक किलोमीटर वर, प्रवाहाच्या उलट दिशेला. आपल्याकडच्या लॅमेलिडेन्स शिंपल्यांच्या अळ्याही अशाच माशांवर वाढतात.

मात्र प्रत्येक जातीला चालणारे मासे ठरलेले असतात. आयोवातल्या मस्कटीन गावात 1905 मध्ये याच नदीतल्या शिंपल्यांच्या कवचांपासून कपड्यांच्या सुमारे दीड अब्ज गुंड्या झाल्या. गुंडीवाल्यांचा लाडका एबनीशेल शिंपला स्किपजॅक हेरिंग या स्थलांतरी माशावर अवलंबून. 1913 मध्ये मिसिसिपीवर किओकुकला धरण झालं आणि माशाची वरची वाट अडली. शिंपले दीर्घायुषी, त्यामुळे धरणाच्या वर ते वर्षानुवर्षं होतेच. फक्त त्यांच्यात पिल्लं नव्हती. आज तिथून एबनीशेल जवळपास संपला आहे.