चार पैंपासून पटसंख्येपर्यंत : सीमाभागातल्या शाळांचा पैसा

बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता, तेव्हा गावच्या शाळेचा पैसा शेतसाऱ्यातून यायचा. १८६३-६४ पासून साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा (बारा पै) लोकल सेस म्हणजे स्थानिक कर बसला आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी ठेवला गेला. म्हणजे रुपयाभर सारा भरणाऱ्या शेतकऱ्याच्या चार पै शाळेकडे वळत. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो, कारण ज्याला अक्षरओळख नव्हती त्यानेही शाळेला पैसा दिला आहे. पुढे १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा जिल्ह्याच्या लोकल बोर्डाकडे आल्या, तर १९४७ च्या कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डाकडे. पैसा सरकारी असला तरी कारभार जिल्ह्यातच चाले.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. त्याच वर्षी घटनेत ३५० अ कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्यासाठी राज्याने पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न करावा, असे ते सांगते. त्यासाठी किती पैसा आणि कोणत्या तिजोरीतून, हे मात्र त्यात नाही. सीमाभागातल्या मराठी शाळांची ओढाताण इथून सुरू होते, असे माझे मत आहे.

१९६१ च्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षण कायद्याने म्हैसूर राज्यभर एकच चौकट आली. शिक्षकाच्या पगाराचा भार राज्याने उचलला, हा मोठा आधार झाला. पण मराठी शिक्षकाची जागा मंजूर करणे, ती भरणे हे निर्णय बेंगळूरला गेले.

२००१ मध्ये पालकांची एसडीएमसी, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समिती, आली आणि शाळेच्या खर्चात गावाला पुन्हा थोडा हात मिळाला. शालेय शिक्षणासाठीच्या २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के भार उचलते. शाळेचे वार्षिक अनुदान पटावर ठरते : शंभरच्या पुढे अडीचशे मुलांपर्यंत ५०,००० रुपये, त्याखाली निम्मे, अगदी छोट्या शाळेला त्याहून कमी. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती यातच बसवायची.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस तुफान पडतो. तिथे पटावर पंधरा मुले असली तरी कौले शेकारावीच लागतात. अनुदान अपुरे पडले की लोकवर्गणीला पर्याय नसतो.